सतराचा कानोसा

३ फेब्रुवारी

प्रिय टिचकी,

अनेक आशीर्वाद. तू बेचाळीस वर्षांची झालीस तरी ते मीच द्यायचे असा नियम आहे. तो मी केलेला नाही, त्यामुळे मोडायचं धाडसही होत नाही.

इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि मी त्याच्याहून जास्त कुरकुरतो, असं ती म्हणते. दुकान चालू आहे. हल्ली लोक आधी फ्रेम पसंत करतात आणि मग डोळे तपासायला बसतात. काल एक बाई म्हणाल्या, ह्या फ्रेमला शोभेल असा नंबर काढा. मी त्यांना माझं सत्तावीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य ऐकवलं: फ्रेम दुसऱ्यांनी बघायची असते, नंबराने आपण बघायचं असतं. त्या दुसऱ्या दुकानात गेल्या.

वरच्या मजल्यावर उपटसुंभ अजून दात उपटतो. आपल्या दंतवैद्याला हे नाव तूच दिलंस. त्याच्या पाटीवर तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलेलं आहे. तो आता इतका सुटलाय की रुग्णाला खुर्चीत धरून ठेवायला वेगळा पट्टा लागत नाही.

मुख्य बातमी मामाची. त्याचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कसं दिसतंय? मामा म्हणाला, "दिसतंय छान. पण तुमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते." चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला नवी दृष्टी देऊन उपयोग नाही, तो जुन्याच गोष्टी बघतो.

परवा दुपारी तो जवळचा चष्मा न्यायला दुकानात आला. मी नेहमीचं वाचायचं कार्ड पुढे केलं. त्याने ते बाजूला सारलं, म्हणाला, असलं बिनडोक मी धड डोळ्यांनीही वाचत नव्हतो. आणि पिशवीतून हिरवी फाईल काढली. तीच, आपल्या रविवारची. एकोणीस वर्षांत नाडी तेवढी बदलली आहे.

रात्री जेवताना वहिनीने विचारलं, तुम्ही नक्की खेळायचात तरी काय? लग्नाआधीची गोष्ट, तिला कशी माहीत असणार. मी सांगितलं, मामा सूत्रधार. तो एक जग रचायचा आणि तोंडाने सांगायचा. आम्ही तिघं त्या जगातलं एकेक माणूस व्हायचो. प्रत्येकाचा एक कागद. वर एका ओळीत हा माणूस कोण, आणि खाली त्याचे गुण आकड्यांत: बळ, चपळाई, कानोसा, असे सहा. वाटायला आकडे ठरलेले, एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं पोट खपाटीला. काही अवघड करायचं असलं की वीस पैलूंचा फासा टाकायचा. कागदावरच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी पडले तर जमलं, जास्त पडले तर फसलं. ती म्हणाली, "म्हणजे हाताशी आलेली घोडी दर रविवारी सोंगं काढून बसायची." मी हो म्हटलं. एका वाक्यात ह्याहून चांगलं सांगता येणार नाही.

मामाचा नियम मात्र तिला फार आवडला. वरची ओळ शाईत, आकडे शिसपेन्सिलीत. 'आकडे बदलतात. माणूस खोडायचा नाही.'

माझी ओळ होती, 'लढवय्या.' बास. मामाने विचारलं होतं, कोणाशी लढतो? मी म्हटलं, समोर येईल त्याच्याशी. बळ अठरा. उपटसुंभाचा विषवैद्य, तोही कामाचा गडी. आणि तुझी ओळ मला अजून पाठ आहे: 'अर्धी बहिरी घंटेवाली. कानाने नाही, तळव्याने ऐकते. कोणावर हात उचलत नाही.' बळ चार. कानोसा सतरा. मी म्हणालो होतो, ही बाई आहे का ओझं? बहिरीला कानोशाचे सतरा कशाला? तू शांतपणे म्हणालीस, "दादा, ती तळव्याने ऐकते." मी म्हटलं, तळव्याने पळतासुद्धा येतं, त्याला दोन आकडे दे. सगळे हसले. मामा हसला नव्हता. हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

तर मामाने नव्या चष्म्यातून तुझा कागद वाचला. नंबर बरोबर निघाला. चष्म्याचा म्हणतोय मी.

तो म्हणतो, एकदा सगळ्यांनी बसू या. मार्चचा पहिला रविवार, दुपारी तीन, माझ्या दुकानामागची खोली. जिथे थांबलो होतो तिथूनच, गोठलेल्या तळ्यावरून. तू त्या रविवारनंतर आमच्या टेबलाकडे फिरकली नाहीस. लग्नाकार्याला येतेस, दोन दिवस हसून बोलतेस आणि रविवार उजाडायच्या आत परततेस. मी कधी विचारलं नाही. तुझ्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढून हात दुखत नसेल तर ये.

आणखी एक सांगायचं होतं, पण पान संपत आलं.

तुझा
दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय टिचकी,

आशीर्वाद आहेतच, पण आज त्यांच्यामागे लपत नाही.

तुझं कार्ड मिळालं. 'मामाला नमस्कार. माझी ती बाई कोणाच्याच कामाची नव्हती. तिला तिथेच राहू दे.' तीन वाक्यं. मी ते दिवसभर गल्ल्यापाशी ठेवलं आणि दिवसभरात दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले.

मागच्या पत्राचं पान संपलं नव्हतं. खाली वीतभर कोरं होतं. तू पाहिलंच असशील. तू असल्या गोष्टी बघतेस आणि बोलत नाहीस, हे मला ह्या पंधरवड्यात नव्याने कळलंय. आज पानं घेऊन बसलोय, पुरतील.

तळ्याच्या आदल्या शनिवारी फाईल माझ्याकडे होती. मामाने सांगून ठेवलं होतं की उद्या गोठलेलं तळं पार करायचंय. मी हिशेबी माणूस. बर्फ म्हणजे तो फुटणार, फुटला की पाणी, आणि पाण्यातून वर यायला बळ लागणार. तुझ्या बाईचं बळ चार. मी तुझा कागद काढला, खोडरबर घेतलं, आणि कानोशाचे चार काढून बळात घातले. सतराचे तेरा, चाराचे आठ. तुझं अक्षर मला काढता येतं, तुला शाळेत चिठ्ठ्या मीच लिहून द्यायचो.

मनाशी म्हटलं, हिच्या भल्यासाठी. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की तीन वर्षं माझा लढवय्या तुझ्या बाईला पाठीवर घेऊन फिरत होता आणि मी वैतागलो होतो. नऊ वेळा वाचवलं होतं तिला, मोजलं होतं मी. मला वाटायचं, आम्ही दोघं मान मोडून आकडे जुळवतो आणि ही एक आपली गोड कल्पना घेऊन बसते, तिचा भार आम्ही वाहायचा.

एवढं केलं असतं तर ती लबाडी झाली असती, आणि लबाडी पचते. त्याच्या पुढचं पचलं नाही.

रविवारी आपण तळ्याच्या मधोमध आलो. तुझी बाई जोडे काढून अनवाणी उभी राहिली. मामा म्हणाला, कानोसा घे. तू कागदाकडे पाहिलंस, थबकलीस, आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलंस, "दादा, सतरा होते ना?"

मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "तेराच होते. मागच्या महिन्यात तूच बळात टाकलेस. विसरलीस?"

तू मान हलवलीस. मी म्हटलं म्हणून. तुला पाचवीतल्या बाकाच्या खिळ्यांची संख्या पाठ होती, आणि माझ्या एका वाक्यावर तू तुझी आठवण खोडलीस. त्याला मला रबरसुद्धा लागलं नाही.

फासा टाकलास. पंधरा.

पुढचं तुला माहीत आहे. बर्फ फुटला. माझा लढवय्या चिलखतासकट खाली गेला, अठरा बळ घेऊन. विषवैद्य गेला. तुझ्या बाईने वर यायला फासा टाकला, सात पडले, आठाच्या आत, ती वाचली. चारवर ती बुडाली असती. माझा हिशेब बरोबर होता, हे मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगतोय. तू कागद उलटा ठेवलास आणि म्हणालीस, हिला एकच गोष्ट येत होती, तीच जमली नाही, आणि उरली मात्र हीच. त्याच आठवड्यात तू मुलांच्या पुस्तकांतले नकाशे रंगवायच्या कामाला नकार कळवलास. आई म्हणाली, का गं? तू म्हणालीस, आपल्याला येतं असं आपल्याला वाटतं, ते येतच असतं असं नाही. मी शेजारी बसून चहा पीत होतो. गार होईपर्यंत पीत होतो.

आता मामा चष्मा न्यायला आला त्या दुपारचं. कागदावरचं खोडलं तर शिसं जातं, पण पेन्सिलीने दाबलेला चर राहतो. साध्या डोळ्यांना दिसत नाही. दुपारचं ऊन माझ्या काउंटरवर आडवं येतं, आणि मामाला मी स्वतःच्या हाताने घासलेली, अगदी अचूक काच दिली होती. एवढं नेमकं काम मी वर्षात दोनदा करत असेन. त्याने कागद उन्हात तिरका धरला आणि म्हणाला, "हे सतरा आहेत."

मी म्हटलं, मामा, थांब, गिऱ्हाईक आलंय. दुकानात कोणी नव्हतं. त्याने दाराकडे बघितलंही नाही. मग मी म्हणालो, "मी खोडले."

तो रागावेल असं वाटलं होतं. तो हिशेब चुकला. तो खाली बसला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि जे बोलला ते मी तुला जसंच्या तसं लिहितो, कारण ते तुझं आहे.

"माझे कान यंत्रखोलीत गेले, चाळिशीतच. कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्याच्या हाती लिफ्ट कोण देतो? चपला काढायचो आणि तळव्याने ऐकायचो, दोर कुठे घासतोय, चाक कुठे अडतंय. एकदा पोरगी डबा द्यायला आली, तेव्हा मी असा उभा होतो. तिने काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी हा कागद आणला. मी तेव्हाच ते तळं रचलं. तीन वर्षं तुम्हाला तिकडेच नेत होतो. आणि तिथे पोचल्यावर ती म्हणाली, तेरा. मला वाटलं, तिनेच कमी केले. तिलाही वाटलं असणार, बहिऱ्याला इतकं कुठलं ऐकू यायला."

टिचकी, मी दुकानाचं दार लावून घेतलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि अजून थांबत नाही. मामा दर वेळी म्हणायचा, 'पुन्हा सांग.' आम्हाला वाटायचं, सूत्रधार आपल्याला विचार करायला वेळ देतोय. केवढा मुरलेला, असं उपटसुंभ कौतुकाने म्हणायचा. आणि तू. तू नेहमी मामाच्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसायचीस. आम्ही काहीही बोललो की तुझी घंटेवाली ते सावकाश परत म्हणायची: 'म्हणजे लढवय्या दार फोडायचं म्हणतोय. विषवैद्याला आधी वास घ्यायचाय.' मला वाटायचं, काय ही चोंबडी बाई, लढता येत नाही म्हणून बडबडते. मामा तुझे ओठ वाचत होता. आमचा सगळा खेळ, प्रत्येक लढाई, माझा प्रत्येक अठराचा पराक्रम, तुझ्या त्या बिनकामाच्या बाईच्या तोंडून मामापर्यंत पोचत होता. दीडशे रविवार. तिला पाठीवर घेतलंय असं मी समजत होतो. खरं म्हणजे तीच आम्हा सगळ्यांना डोक्यावर घेऊन चालली होती, आणि कोणालाही, मामालासुद्धा, लाज वाटू न देता.

तू गेल्यावर महिन्याभरात खेळ बंद पडला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, मामा थकला. तो थकला नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं.

आपल्या बहिणीबद्दल आश्चर्याने तोंड उघडं राहायची सवय मला नाही. उपटसुंभ म्हणाला, बंद कर, नाहीतर मी कामाला लागेन. त्यालाही सगळं सांगितलंय. तो जिन्यावरच बसला. मग म्हणाला, "आणि आपण तिला ओझं म्हणायचो." मी त्याला दुरुस्त केलं. म्हणायचो मी. तो फक्त हसायचा.

आणखी एक. काल दुपारी मामा मला इमारतीच्या लिफ्टपाशी घेऊन गेला. म्हणाला, बूट काढ. ह्या वयात, मोजे फाटके असताना, सगळ्या जिन्यादेखत. काढले. त्याने स्वतःच्या चपला काढल्या आणि फरशीवर पाय रोवून उभा राहिला. डोळे मिटलेले. थोड्या वेळाने म्हणाला, सुटली वरून. दोघं आहेत. एक जड आहे, आणि दुसरा सारखा पाय बदलतोय, त्याला काहीतरी दुखतंय. मी म्हटलं, मामा, काहीतरीच. दार उघडलं. उपटसुंभ, आणि गाल धरलेला एक बिचारा माणूस.

मला काहीच कळलं नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा. मामा हसला. आम्ही तसेच उभे राहिलो, लोक वळसा घालून जात होते, वहिनी डबा घेऊन आली आणि आमच्याकडे बघून परत गेली. चौथ्या की पाचव्या फेरीला माझ्या डाव्या टाचेखाली काहीतरी हललं. हललं म्हणजे काय सांगू, मांजर घुरघुरताना तिच्या पाठीवर हात ठेवावा तसं. मग ते वर चढत गेलं. सहा मजल्यांचं लोखंड, दोर, वजनं, आणि त्यात बसलेली कोणीतरी माणसं, सगळं माझ्या फाटक्या मोज्यातून वर येत होतं. सत्तावीस वर्षं मी ह्या फरशीवर उभा आहे. ती कायम बोलत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी चष्म्याच्या दुकानाचा मालक असल्यामुळे डोळ्यांत काही गेलंय ही सबब कोणाला पटली नाही.

तेव्हा मला कळलं की सतरा जास्त नव्हते. कमीच असतील.

मी मामाला विचारलं, त्या तळ्यावर तिला काय ऐकू येणार होतं? त्याने सांगितलं नाही. म्हणाला, "ते तिचं आहे. तुला कसं देऊ?" मी फारच मागे लागलो तेव्हा एवढं म्हणाला की बर्फाच्या खाली रिकामं नाही, कोणीतरी शंभर वर्षं रोज घंटा देतंय, वरून कधीतरी एखादं पाऊल ऐकेल म्हणून. एकोणीस वर्षं हा माणूस ते सांगायला थांबलाय. आणि मी तुला एका पत्रात सांगायला घाबरत होतो.

आम्ही एक ठरवलंय. फासा पुन्हा टाकायचा नाही. मामा त्यावर ठाम आहे, आणि माझी तर ह्या विषयात मत द्यायची लायकी राहिलेली नाही. जे पडले ते पडले. पंधरा पडले होते, टिचकी. पंधरा सतराच्या आत आहेत. तुला जमलं होतं. बर्फ फुटला नाही. लढवय्या, विषवैद्य, सगळे अजून तिथेच उभे आहेत, श्वास रोखून, तुझ्या बाईच्या मागे, ती काय सांगते ते ऐकायला.

मामाला म्हटलं, तिने नाही म्हटलं तर? तो म्हणाला, तर मी थांबतो, सवय आहे. पण तो चौऱ्याहत्तरचा आहे, आणि आता दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. तू समोर बसल्याशिवाय हा खेळ चालणार नाही. हे मी गोड लागावं म्हणून लिहीत नाही, ते तसंच आहे.

मला माफ कर असं लिहून मी खोडलंय. मागायचं ते तोंडावर मागेन, आणि तू नाही म्हणालीस तर ते मला ऐकता यायला हवं. नकाशांचंही तेव्हाच बोलू. एकोणीस वर्षं मी परत देऊ शकत नाही. पण 'येतं असं वाटतं ते येतच असतं असं नाही' हे वाक्य तुझं नव्हतं, माझ्या खोटेपणाचं होतं. तेवढं तरी परत घेतो.

सोबत तुझा कागद पाठवतोय. शाईची ओळ जशी होती तशीच आहे, रंग जरा विटलाय. कानोशाच्या चौकोनातले माझे तेरा मी पुसले आणि चौकोन कोरा ठेवला. तिथे आकडा तू लिही. मामा म्हणाला, ह्या वेळी तिला शाईत लिहू दे, नियम मी केला होता, मीच मोडतो.

रविवारी तीन वाजता. उजेडाकडची खुर्ची मोकळी ठेवतोय.

ज्याने खोडलं तो,
तुझा दादा